पंप लावला की दिवा मंद का होतो

इरा, नील, फोनवर सांगायला गेले की माझं बोलणं मध्येच तुटतं, म्हणून लिहिते आहे. इरा, मागच्या रविवारी तू हळूच विचारलंस, आजोबा माझ्यावर रागावून गेले का? शेवटच्या व्हिडिओ कॉलवर तू गणिताचं उत्तर मागत होतीस, ते उलट तुलाच विचारत राहिले आणि तू फोन ठेवून दिलास. ते रागावले नव्हते, बाळा. कॉल संपल्यावर बराच वेळ ते तुझं गणित घेऊन बसले होते, आता हिला कुठून विचारावं म्हणजे तिला वाट सापडेल, एवढंच त्यांच्या डोक्यात. ते गेल्याला आता दोन महिने होत आले. तुमच्या मनात दुसरंच काही घट्ट बसण्याआधी हे सांगायला हवं.

डिचोलीच्या शाळेत आजोबांनी विज्ञान शिकवलं हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्तीनंतर धारगळच्या आपल्या घरातून त्यांनी दहावीच्या मुलांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप सुरू केला. फी नाही, अट एकच. प्रश्न विचारणाऱ्याने आपण कुठवर आलो आणि कुठे अडलो, हे आधी स्वतःच्या आवाजात बोलून पाठवायचं. मग आजोबांकडून उत्तर नाही, एक प्रश्न यायचा. मुलं वैतागायची. त्यातच म्हापशाच्या एका क्लासने सोडवलेली उत्तरं फोनवर पाठवायला सुरुवात केली आणि आजोबांच्या ग्रुपमधून एकेकजण बाहेर पडू लागला. कुणी गेलं की स्क्रीनवर त्याचं नाव यायचं. ते चहा पिता पिता ती नावं वाचायचे आणि कप तसाच खाली ठेवायचे. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आमच्या विषयात शब्दाचा अर्थ सांगून पुढे जाता येतं. मी म्हणायचे, "अहो, सांगून टाकावं कधीतरी. सगळीच जातील अशाने." ते म्हणायचे, "अगो, माझ्या तोंडून ऐकलेलं पेपरात लिहितील. पुढच्या वर्षी कुणाच्या तोंडाकडे बघतील?"

राहिलेल्यांत रेणुका होती. तिचे आईवडील बेळगाव जिल्ह्यातले, दोघंही इथल्या कारखान्यात कामाला, हायवेपलीकडे भाड्याची खोली. पूर्वपरीक्षेत ती विज्ञानात नापास झाली आणि वडिलांनी सांगून टाकलं की बोर्डातही असंच झालं तर शाळा बंद, आईबरोबर पॅकिंगला जायचं. तो माणूस वाईट नव्हता. घरात आणखी दोन शिकणारी होती.

विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी आजोबा म्हापशाच्या इस्पितळात होते, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती आणि तुमचे बाबा अजून विमानात होते. फोन माझ्या हातात. रेणुकाचा निरोप आला, घरातली विजेची उपकरणं एकामागे एक, म्हणजे एकसर जोडणीत का जोडत नाहीत, मला कळतच नाही सर, नुसतं उत्तर पाठवा. मी वाचून दाखवलं. त्यांनी मास्क बाजूला केला, मी हात धरला तरी केला, आणि धापा टाकत फोनमध्ये बोलले, "बाये, तुमच्या खोलीतला... पंखा बंद केला, तर दिवा जातो?"

दोनच मिनिटांत तिच्या वडिलांचा फोन. "बाई, सरांना सांगा की. पोरगी रडायला लागलीया. एक ओळीचं उत्तर द्यायला काय जातंय त्यांचं? ती नापास झाली तर पंख्याचं काय करू मी?"

मला त्यांचंच पटत होतं. त्यांनी सोबत आणायला लावलेलं विज्ञानाचं पुस्तक समोर होतं, ती ओळ मी स्वतः टाइप करून पाठवू शकले असते. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही. मी पुस्तक मिटलं आणि फोन हातात धरून बसले. मग तिचा आवाज आला, नाक ओढत. "नाही जात सर. म्हणजे पंख्याची वाट वेगळी आणि दिव्याची वेगळी. एकाच वाटेवर असते तर दोन्ही गेले असते." आजोबांनी डोळे मिटले. मी आधी घाबरले, मग दिसलं, हसत होते.

दुसऱ्या दिवशी पेपर झाल्यावर तिने पुन्हा विचारलं. परीक्षेत नव्हतं ते. "सर, वाटा वेगळ्या, तर मग घरमालकांनी पंप लावला की आमचा दिवा मंद का होतो?" आजोबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "सकाळी विचारतो तिला," म्हणाले. सकाळ त्यांनी पाहिली नाही.

निकाल लागला तेव्हा रेणुका वडिलांबरोबर घरी आली. पास झाली होती, विज्ञानात काठावर. वडिलांनी जत्रेतल्या खाज्याची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अकरावीत घालतोय तिला. त्या दिवशी जरा जास्तच बोललो सरांना." रेणुका मात्र उंबऱ्यातच थांबली. "मॅडम, पंपाचं सरांनी काही सांगितलं होतं?"

"नाही. तुला काय वाटतं?"

मी हे ठरवून विचारलं नव्हतं. मला खरंच ठाऊक नव्हतं. ती विचार करत म्हणाली, "घरात वाटा वेगळ्या. पण खांबावरून घरापर्यंतची तार मालकांची आणि आमची एकच ना? पंप जास्त वीज ओढतो, म्हणून त्या तारेतच थोडी ताकद जात असेल. बरोबर?"

"मला नाही कळत गे. बरोबर आहे की नाही, हे कसं बघायचं?"

ती बाहेर जाऊन खांबाकडे बघत राहिली. शेजारच्या सुलभाची तार खांबावरून वेगळी येते, ते तिने मला दाखवलं. रेणुकाचं म्हणणं खरं असेल, तर आपला पंप लावल्यावर आपला दिवा जेवढा मंद होईल, तेवढा सुलभाचा होता कामा नये. मी सुलभाला फोन लावून दिव्याकडे बघत राहायला सांगितलं. "वयनी, ह्या वयात वीज खात्यात नोकरी लागली काय तुला?" ती म्हणाली, पण बघत राहिली. रेणुकाच्या वडिलांनी पंपाचं बटण दाबलं. आपला दिवा पिवळा पडला.

"माझा होता तसाच आहे," सुलभा म्हणाली. "आता जेवू का मी?"

रेणुकाने ते सगळं तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर बोलून पाठवलं.

आजोबांचा ग्रुप चालू आहे. यंदाची मुलं आली आहेत. मला विज्ञान येत नाही, त्यामुळे माझ्याकडून कुणाला उत्तर मिळत नाही. कुठवर आलास, एवढं मी विचारते, आणि मुलं बोलून पाठवतात.