न मोजलेले चेंडू

माझ्या नवऱ्यासारखा मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कपडे वाळत घालताना चिमटे मोजतील, कुकरच्या शिट्ट्या तर मी कधीच मोजल्या नाहीत, ते खातं ह्यांच्याकडेच. पुण्यात वीस वर्षं दर रविवारी शशिकांतरावांनी क्रिकेटचा स्कोअर लिहिला. स्वतः बॅट हातात धरली नाही कधी, पण पेन्सिलीला टोक काढताना असा चेहरा करायचे की जणू सलामीला जायचंय. मग नोकरीपायी आम्ही ऑकलंडला आलो, अवोन्डेलमध्ये घर घेतलं, आणि इथे हे कुठे नाही ते बेसबॉलच्या नादी लागले. कारण शेजारचा इंद्रनील.

इंद्रनील तेव्हा सतरा वर्षांचा होता. आई वासंती हॉस्पिटलात नर्स, वडील घरी क्वचितच, तिच्या पाळ्या सांभाळता सांभाळता पोरगं निम्मं आमच्याच घरी वाढलं. "काकू, पोहे आहेत?" एवढं मराठी तो न अडखळता बोलायचा, पुढचं सगळं इंग्रजी मिसळून. बेसबॉलमध्ये तो पिचर, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू फेकणारा. काय फेकायचा! मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण तो फेकायला लागला की मी सामोशांचा ट्रे खाली ठेवून बघत बसायचे.

एक दिवस म्हणाला, "काका, आमच्या क्लबला स्कोअरर नाहीये." झालं. हे पुढच्या शनिवारी टोपी घालून हजर.

तिथे स्कोअररकडे आणखी एक काम असतं. पोरांचे खांदे कोवळे, म्हणून पिचरने एका सामन्यात किती चेंडू फेकायचे त्याची मर्यादा असते. इंद्रनीलच्या वयाला क्लबने ऐंशीची ठरवली होती. ह्यांच्या हातात एक छोटा काउंटर दिला, दर चेंडूला बटण दाबायचं, ऐंशी झाले की हात वर करायचा. समोरच्या टीमकडे तर मोजायलाही कोणी नसायचं. सगळा भरवसा ह्यांच्यावर.

आणि ह्यांनी काय केलं? क्रिकेटमध्ये वाइड चेंडू षटकात धरत नाहीत ना, तसंच इथेही केलं. फलंदाजासमोरच्या कल्पित चौकटीबाहेर गेलेला चेंडू कागदावर इमानेइतबारे टिंब काढून लिहायचा, पण बटण दाबायचं नाही. वाया गेलेला चेंडू मोजायचा कशाला? वीस वर्षांची सवय. कोणाला विचारावंसंही वाटलं नाही, कारण मोजण्यातलं ह्यांना विचारायचं काय!

पूर्ण हंगाम असा गेला. दुसऱ्या वर्षी स्कोअररांच्या वर्गात बाईंनी सांगितलं, फेकलेला प्रत्येक चेंडू मोजायचा, खांद्याला काय कळतंय आत पडला की बाहेर. हे घरी आले आणि जेवले नाहीत. रात्री मला सगळं सांगितलं, आणि त्याच महिन्यात इंद्रनीलचा खांदा पहिल्यांदा दुखावला होता.

आणि मी म्हणाले, "गप्प बसा. झालं ते झालं. वासंतीला कोणत्या तोंडाने सांगणार आहात?"

हे मी म्हणाले. ह्यांच्यावर ढकलत नाही.

त्यानंतर आठ वर्षं तो क्लबचा हिरो होता आणि आठ वर्षं दुखत होता. तीन सामने जिंकून द्यायचा, मग दोन महिने हात गळ्यात. मागच्या हंगामात तर सहाच सामने खेळला. ह्या ऑगस्टमध्ये प्रश्न आला, त्याच्याशी पुन्हा करार करायचा का? क्लब एकाच खेळाडूला करारावर घेतो, त्याला शाळांमधून पोरांना शिकवायचं कामही देतो. शुक्रवारी इंद्रनील आमच्याकडे आला होता. डावा हात वर करून त्याने फळीवरचा डबा काढला, उजवा खालीच. म्हणाला, "काकू, ह्या वेळी नाही घेतलं तर आय ॲम डन. मला दुसरं काही येतच नाही."

क्लबहाऊसचं छप्पर गळत होतं, म्हणून रविवारी दुपारी मीटिंग आमच्याच लाउंजमध्ये. मत देणारे पाच जण. कोच विरेमू, फिजिओ ऋचा, क्लबातले दोन जुने मेंबर आणि आमचे हे. मी चहा करत होते, दार उघडंच होतं.

ऋचा म्हणाली, घेऊ या. "विश्रांती दिली की दर वेळी बरा होतो. नशीब वाईट आहे बिचाऱ्याचं, एवढंच." विरेमूही घेऊ या म्हणाला, असा हात पुन्हा मिळायचा नाही. दोन्ही जुने मेंबर नको म्हणाले. त्यातला एक जरा जास्तच बोलला, "स्वतःच्या अंगाची काळजी घेत नाही तो. बेफिकीर आहे."

दोन विरुद्ध दोन. आता ह्यांनी नुसता हात वर केला असता तर काम झालं असतं. मी ट्रे घेऊन दारात उभी, मनात म्हणतेय, अहो, करा वर, करा!

हे उठले. आतल्या खोलीतून त्या पहिल्या वर्षाच्या वह्या घेऊन आले. आदल्या दिवशी बसून सगळी टिंबं पुन्हा मोजली होती, मला पत्ता लागू दिला नव्हता.

"तो बेफिकीर नाही," हे म्हणाले. "चूक माझी आहे. ह्या सामन्यात मी अठ्ठ्याहत्तर सांगितले. खरे एकशे सव्वीस होते." मग दुसरी वही. मग तिसरी. अकरा सामने वाचून दाखवले. आकडा एकही चुकला नाही.

ऋचाने वही ओढून घेतली, बराच वेळ पानं उलटली. "काका, मग हे नशीब नाहीये. वाढीच्या वयातलं आहे हे. असा खांदा पूर्ण बरा होत नाही. मी हो म्हणू शकत नाही."

विरेमूने चेहऱ्यावरून हात फिरवला. "म्हणजे आपणच केलं त्याचं हे. मी त्याला पुन्हा तिथे उभा करणार नाही." ह्यांना कोणी एक शब्द लागट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ज्याची बाजू घ्यायला उठले, त्याचाच करार ह्यांनी घालवला.

सांगायला कोण जाणार? हेच म्हणाले, मी सांगतो. पण जावं लागलं नाही. गाड्या गेलेल्या बघून इंद्रनील स्वतःच आला, पायातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दारात काढून सोफ्याच्या कडेला टेकला. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं, वाइडचं, बटणाचं, आठ वर्षं गप्प बसल्याचं. मी मध्येच म्हणाले, "मीच गप्प बसवलं रे ह्यांना." मला रडू आवरेना.

तो रागावला नाही. म्हणाला, "आय न्यू इट, काका. माझा हात होता, मी पण मोजायचो. शंभरच्या वर गेले की कळायचं."

"मग बोलला का नाहीस?" हे जवळजवळ ओरडलेच.

त्याने मराठीत सांगायचा प्रयत्न केला. शब्द शोधत होता बिचारा. "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम कमी मोजता. मला अजून खेळायला मिळावं म्हणून. डॅड कधी मॅचला आले नाहीत ना... मला वाटायचं, काका माझ्यासाठी करतात."

मी चहा घे म्हणाले, तर नको म्हणाला. दारात वाकून डाव्या हाताने जँडल्स सरळ केल्या, पायात घातल्या आणि वळून विचारलं, "सो... तुम्हाला फक्त रूल माहीत नव्हता?"

"नाही रे बाळा," हे म्हणाले. "माहीत नव्हता."