अंड्यासारखं वर्तुळ

बोरगाव मेघेतून निघायचं, समुद्रपूरला गाडी बदलायची आणि गिरडकडच्या एसटीत बसायचं. शाळाशाळांतले संगणकावरचे धडे दुरुस्त करणं हे माझं काम. खरं तर आयुष्य एसटीची वाट बघण्यातच चाललंय. तक्रारी त्याच त्या. पडदा निळा पडला, चित्र अर्धंच दिसतं, आवाज येतो पण मास्तर गायब. आताशा हसूही येत नाही.

गिरडकडच्या या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला होता. नव्या टीव्हीवर गणिताच्या धड्यातलं वर्तुळ अंड्यासारखं दिसतं, मुलंही वहीत अंडीच काढतात. धडे जुन्या कॅमेऱ्यानं चौकोनी घेतलेले, रुंद टीव्ही त्यांना आडवं ताणत होता. काम दोन मिनिटांचं, त्यासाठी अर्धा दिवस धक्के. वैताग नुसता.

वर्गावरच्या बाई बाजूला उभ्या होत्या.

"करणं जरुरीच हाये का जी?" त्यांनी विचारलं.

"वर्तुळ गोल नको का दिसायला, मॅडम?" मी जरा तुसडेपणानंच म्हणालो.

सेटिंग बदललं. वर्तुळ गोल झालं, आणि धड्यात फळ्याजवळ उभे असलेले गुबगुबीत सर एकदम वाळून गेले. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबणारा.

"सर बारीक काऊन झाले?" एका मुलीनं विचारलं.

मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. सर म्हणजे या बाईंचे यजमान. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीत दोघं याच शाळेत आले होते. आजारपणात सरांना येणं जमेना, तेव्हा मुलांचं नुकसान नको म्हणून घरीच भिंतीला फळा टांगून त्यांनी हे धडे करून ठेवले. पुढं ते गेले.

मला फार वाईट वाटलं. "मॅडम, पहिल्यासारखं करून देऊ का?"

टीव्हीवर सर अर्ध्या वर्तुळाशी थांबले होते, दम खात. मघाशी तेच थांबणं मला विचारात पडल्यासारखं वाटलं होतं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "चुकलेलं वर्तुळ त्यायले कधी चाललं नाई."

मग त्या मुलांमध्ये सतरंजीवर बसल्या, आणि धडा संपेपर्यंत त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. बाहेर माझी एसटी निघून गेली. गेली तर गेली. मीही चपला काढून मागं बसलो.