‘ऑल गुड’च्या उलट काय?

पालघर किनाऱ्यावरच्या नवापूरच्या दमयंती तांडेलला इंग्रजी शब्द एकटा भेटला की चैन पडत नसे. ‘फ्रेश’ आला की ‘स्टेल’ हवाच. ‘रुकी’ म्हणजे नवशिका हे कळलं, तेव्हा मुरलेल्या माणसासाठीचा ‘ओल्ड हॅण्ड’ शोधल्यावरच तिने वही मिटली. ही सवय तिला बोंबलांनी लावली. बोंबील वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीच्या दोन बाजूंना एकेक सोडायचा. एकट्याला दोरीवर थारा नाही. शब्दांचंही तसंच, हे तिचं गणित.

रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली दमयंती तारापूरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत चार वर्षं काम करत होती. हात इतका सफाईचा की तिने तपासलेला नमुना कुणी पुन्हा तपासत नसे. अडत होतं ते बोलण्यात. शिफ्ट इन्चार्ज व्हायचं, तर चेन्नईहून आलेल्या प्लांट मॅनेजरांशी इंग्रजीतच बोलावं लागणार होतं.

आणि नेमकी तिथेच तिने माती खाल्ली. एका दुपारी साहेबांनी फोनवर विचारलं, “ऑल गुड?”

पाच टाक्यांपैकी फक्त तिसरीचा नमुना बिघडला होता. दमयंतीने वहीतली तयार जोडी फेकली, “नो सर, ऑल बॅड!”

साहेबांनी पाचही टाक्या थांबवल्या. अर्धा दिवस प्लांट गप्प. प्रयोगशाळेचे प्रमुख हर्षित सर म्हणाले, “महिन्याभराने साहेब मुलाखत घेतील. तेव्हा अडलीस तर इन्चार्ज दुसरा कुणीतरी होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फणकाऱ्यातच बोंबील अडकवत होती. एक जोडी सर्रकन घसरून वाळूत पडली.

“दमे, डोले कुठं हायत तुजे?” तिची आई वत्सला ओरडली. “एवडा मोठा बोंबील, नि त्याला हे पिल्लू? जोडी तोलाची बगावी!”

“बोंबलाचं बोल, आये. माज्या लग्नावर नको येऊ.”

“तुला तोलाचा मिलंल तवा ना!”

दमयंती खळखळून हसली आणि वाळूतल्या जोडीकडे बघत राहिली. बिघडलेली टाकी एक, आणि आपण बोललो तो शब्द पाच टाक्यांएवढा. घसरणारच. घरी जाऊन तिने वहीतलं ‘ऑल बॅड’ खोडलं. मग महिनाभर एकेक जोडी तोलून पाहिली. ‘नो प्रॉब्लेम’च्या समोर ‘बिग प्रॉब्लेम’ लिहिलं होतं, तेही खोडून ‘वन प्रॉब्लेम’ केलं आणि पुढे जागा मोकळी सोडली. तो कुठला, ते तिथे भरायचं.

मुलाखतीत साहेबांनी तोच प्रश्न टाकला. “दॅट डे अगेन. ऑल गुड?”

हर्षित सरांनी खुर्चीत अंग सावरलं. दमयंती ताठ बसली.

“फोर गुड, सर. टँक थ्री नॉट गुड. स्टॉप ओन्ली थ्री.”

साहेबांनी मान डोलावली. “हू टॉट यू?”

“माय मदर, सर. ओल्ड हॅण्ड.”

सोमवारपासून शिफ्ट तिच्या नावावर लागली. आईला सांगितलं, तशी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “म्हंजे सकालचे बोंबील आता मी एकटीच घालू?”

“माजी शिफ्ट दुपारची हाय, आये,” दमयंतीने टोपली ओढली. “सरक, तो मोठा दे इकडं. त्याच्या तोलाचा माज्याकडं हाय.”