शेवट सांगायचा नाही

माझ्या स्वभावात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकतो. मला कुठलीही गोष्ट दहा जणांना विचारल्याशिवाय करता येत नाही. गोऱ्हा घ्यायचा असो की धोतरजोडी, मी आधी बाजारभर विचारत फिरणार. आमचे वडील म्हणायचे, "आयकावं जनाचं अन् करावं मनाचं, हे खरं. पन तुह्याजोळ मनच नाई, तं करशीन काय?" तेव्हा त्यांचा राग यायचा. आता पटतं, पण आता पटून काय उपयोग.

मी शेलूबाजारला शाळामास्तर होतो. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आमचे कागद अकोल्याला जायचे. गावात अडत्याच्या दुकानामागे एका खोलीत आमचं वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे काय, एक लाकडी कपाट, एक सतरंजी, कोपऱ्यात पाण्याचा रांजण आणि शंभरेक पुस्तकं. बाजाराच्या दिवशी पुस्तकं बदलायची. एका माणसाला एकच पुस्तक, तेही आठ दिवसांसाठी. भलतंच पुस्तक पदरात पडलं की आठवडा फुकट जायचा. म्हणून पद्धत अशी पडली होती की पुस्तक परत आणणाऱ्यानं सतरंजीवर दोन घटका बसायचं आणि नवीन नेणाऱ्यानं त्याला विचारायचं, कसं आहे, नेऊ का? माझ्यासारख्या माणसाला याहून सोयीचं काही नव्हतं. मी एकाला विचारून थांबत नसे. ज्यानं ज्यानं ते पुस्तक वाचलं असेल त्याच्या दारात जाऊन विचारायचो.

फक्त एक नेम होता. शेवट सांगायचा नाही. हा नेम मीच घातला होता, आणि तोही संतापून. एक खुनाची गोष्ट मी वाचत होतो, दोन प्रकरणं उरली होती, आणि आमच्या शिंप्यानं मशीन चालवता चालवता सांगून टाकलं की खून सख्ख्या भावानं केला. माझा असा पारा चढला की त्याच आठवड्यात मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. जो शेवट सांगेल त्यानं बाजारातल्या विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन यायचं आणि रांजण भरायचा. बाप्या माणसानं, डोक्यावर, भर बाजारातून. शिंप्यालाच पहिली घागर आणावी लागली. विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर गावात कुणी कुणाला शेवट सांगितला नाही. मला या नेमाचा मोठा अभिमान होता.

आम्हाला एक मुलगी होती. चार वर्षांची. पोळ्याच्या सुमाराला तिचं अंग तापलं आणि अकराव्या दिवशी ती गेली. दवाखान्याचे कंपाउंडर दोन्ही वेळा येत होते, शेवटच्या दिवशी तर तिच्या उशाशीच होते. त्यांच्या हातून जे होण्यासारखं होतं ते त्यांनी केलं.

मग मी माझ्या सवयीनं लोकांना विचारलं. घरात आता कसं वागावं? बायकोला कसं सावरावं? पोस्टमास्तर म्हणाले, विषय काढू नका. शिंपी म्हणाला, वस्तू डोळ्यांपुढं ठेवू नोका, मास्तर. सासऱ्यांनीही तेच सांगितलं. एवढी माणसं एकच सांगतात म्हटल्यावर मला ते अगदी बरोबर वाटलं. मी मुलीचे दोन झगे, मण्यांची माळ आणि लाकडी बाहुली एका गाठोड्यात बांधली आणि कामरगावला बहिणीकडे पाठवून दिली. तिचं नाव घेणं मी बंद केलं. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "गाठोडं कुठी हाये?" मी म्हटलं, "ठेवलं." तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढं ती बोलेनाशीच झाली. भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर, अंगण सारवलेलं. विचारलं तर हो किंवा नाही. बाकी शब्द नाही. मी शाळेतून आलो की ती चुलीकडे तोंड करून बसलेली असायची. पाच महिने असे गेले. घरात पाऊल टाकायची मला भीती वाटायची, हे आज लिहायला लाज वाटत नाही. पोरगी तर गेलीच होती, आता हीही जाते की काय, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी ती ओसरीवर तूर निवडत होती आणि मी खांबाला टेकून वाचत होतो. सुपातला हात न थांबवता ती म्हणाली, "काय असते जी त्या पुस्तकाईत? मलेबी वाचून दाखवा एखांदं."

मी पुस्तक मिटलं. पाच महिन्यांत ती आपण होऊन एवढं बोलली नव्हती. मी म्हटलं, "कोणतं आणू?"

"कोनतंबी. पन तुमी पह्यले वाचू नोका. दोघांलेबी संगच कळू द्या."

मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन उपरण्यानं डोळे पुसले.

आता बघा माझी अडचण. पुस्तक आधी वाचायचं नाही असा शब्द दिलेला, आणि तिच्या जिवाला लागेल असं काही त्यात नको. वाचलेल्यांना विचारणं हाच एक मार्ग होता. पण माझ्या बायकोचं मन असं आहे, म्हणून विचारतो, हे मला कुणाजवळ बोलता येईना. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशी मांडायची? मी आपला नेहमीसारखा विचारत फिरलो.

कपाटात एक कादंबरी होती, वरचं पान फाटलेली. एक कुंभार आपलं बिऱ्हाड गाढवावर घालून चांगल्या मातीचं गाव शोधत निघतो, संगे बायको आणि लहान मुलगी, अशी तिची सुरुवात. एवढं मी चाळून पाहिलं होतं. मुलगी आहे म्हणून मन कचरलं, पण पहिल्या चार ओळींतच ती गाढवाशी असं काही बोलत होती की मलाही हसू आलं. पोस्टमास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "फार सुंदर लिहिलंय, डोळे मिटून न्या." शिंपी म्हणाला, "दोन डाव वाचलं मास्तर. असं पुस्तक नाई पाह्यलं."

कंपाउंडर मात्र औषधाच्या बाटल्या पुसत राहिले. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "दुसरं न्या ना जी एखांदं. या वख्ताले हे नोका नेऊ."

"काहून? चांगलं नाही का?"

"चांगलं हाये. पन त्याचा शेवट..."

"शेवट नाही सांगायचा," मी म्हटलं. तोंडून निघूनच गेलं. वर हसून म्हणालो, "घागर आणावी लागेल तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं, तुमची मर्जी." ते घागर आणायला तयार होते, असं मला आता वाटतं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. दोघं चांगलं म्हणतात, एक नको म्हणतो, असा हिशेब केला आणि पुस्तक घेऊन घरी आलो.

आमचं वाचन दुपारच्या शाळेनंतर, उन्हं कलेपर्यंत चालायचं. पहिल्या दिवशी ती नुसती ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी पुस्तकातल्या मुलीनं कच्च्या मडक्यात डोकं घातलं आणि ते अडकलं, तेव्हा बायको हसली. आवाज करून हसली. शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावून गेली. तिसऱ्या दिवशी मी घरी आलो तर ओसरी झाडलेली, पाण्याचा तांब्या भरलेला, आणि ती म्हणाली, "आज उशीर केला जी." मला वाटलं, आली, परत आली. देवाला नारळ बोललो.

चौथ्या दिवसानंतर ती जरा वेगळीच ऐकू लागली. हसायची नाही. हातातलं काम बाजूला ठेवायची आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहायची. मला वाटलं, रमली.

सातव्या दिवशी शेवटचं प्रकरण उरलं. दुसऱ्या दिवशी बाजार, पुस्तक परत द्यायचं होतं. मी वाचायला लागलो. दुसरं पान उलटलं आणि पहिल्याच ओळीत दिसलं, मुलीचं अंग सकाळपासून तापलं होतं. माझी नजर पुढं धावली. खालच्या ओळीत कुंभार मातीच्या गारेगार पट्ट्या तिच्या कपाळावर ठेवत होता. समोरच्या पानावर त्यानं खड्डा खणायला घेतला होता. बायको समोर बसलेली, दोन्ही हात मांडीवर.

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर तिला कळलं असतं. मी पुस्तकाकडं पाहत मनानंच बोलू लागलो. एक वैद्य आणला. त्याच्याकडून काढा पाजवला. ताप उतरवला. ओळीवरून बोट फिरवत, मध्येच पान उलटत, मी त्या मुलीला बसती केली, जेवू घातलं, नव्या गावी नेलं, आणि चाकावर पहिला मातीचा गोळा तिच्या हातून ठेववला. वर्गात चाळीस पोरांना गोष्टी सांगणारा माणूस मी, मला काय जड. पुस्तक मिटलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

तिनं हात लांब करून मिटलेल्या पुस्तकावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "पोरगी वाचली म्हना."

"हो. वाचली."

"मले इहिरीवर सांगतलं होतं शिंप्याच्या घरवालीनं. चार दिस झाले. ताप येते अन् मरते म्हने पोरगी."

बायांना आमचा नेम लागू नव्हता, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी खाली मान घातली. म्हटलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमचाच नेम ना जी. शेवट सांगाचा नाई." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मी म्हनलं, वाचसान तुमी. पुस्तकातली का होईना, पन पोरगी मेली हे एक डाव तरी तुमच्या तोंडून निंगन या घरात. मंग मीबी बोलीन म्हनलं आपल्या पोरीचं. चार दिसांपासून मी त्याचीच वाट पाहून राह्यली होती."

मी म्हटलं, "तुले तरास नको म्हणून... मी सगळ्यांले इचारून..."

"हो," ती म्हणाली. "सगळ्यांले इचारलं. मले नाई इचारलं."

ती उठून चुलीपाशी गेली. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. उजेड अजून होता, चार पानं वाचण्याइतका तर नक्कीच होता. तिला हाक मारावी, बैस म्हणावं, खरं ते वाचावं, एवढंच करायचं होतं. मी पुस्तक पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो. परत आणणारा म्हणून सतरंजीवर बसलो. एक नवीन आलेले तलाठी होते, त्यांनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "कसं आहे, मास्तर? नेऊ का?" कंपाउंडर कपाटापाशी उभे होते, त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "न्या."

त्यांच्यानंतर आणखी पाच जणांनी नेलं. पुस्तक पुन्हा माझ्या हाती यायला दीड महिना लागला. ते घेऊन मी घरी आलो, ओसरीवर बसलो आणि शेवटचं प्रकरण उघडलं. ती जात्याशी होती. मी म्हटलं, "ये, बैस. खरं वाचतो आता."

तिनं जात्याचा खुंटा सोडला नाही. "तवाच वाचाले पाह्यजे होतं," म्हणाली. "आता कायले?" आणि दळत राहिली.

त्यानंतर आमचा संसार पस्तीस वर्षं झाला. दोन मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली. ती मला शेतीचं बोलायची, सुनांचं बोलायची, माझ्या पथ्यपाण्याचं बोलायची. वाईट वागली नाही कधी. पुस्तक मात्र कधी मागितलं नाही, आणि मुलीचा शब्द काढला नाही. मी वाट पाहत राहिलो की ती काढेल, आणि ती माझी वाट पाहून थकलेली होती. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसून होतो. एक नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. जिभेवर आलं होतं. पण सून दारात उभी होती, मुलगा बसला होता, आणि मला वाटलं, आत्ता काढावं की नाही हे कुणाला तरी विचारावं. तेवढ्यात ती गेली.

कामरगावहून गाठोडं मी परत आणलं, तिच्यामागं. झग्यांना कसर लागली होती, बाहुली तशीच आहे. मुलं विचारतात, ही कुणाची? मी म्हणतो, होती एक. आज ठरवून बसलो होतो की सगळं लिहून काढायचं. लिहिलं. आता वरून वाचत आलो, तर पोरीचं नाव इथंही कुठं आलेलं नाही.