उतरायचं शिकायचं राहिलं

हातातला चहा आधी खाली ठेवा, म्हणजे अंगावर सांडणार नाही. माझ्या शहाणपणाचा हा किस्सा मी माहेरीसुद्धा कधी पुरता सांगितलेला नाही.

पन्नास वर्षं होत आली. मला नुकतीच मास्तरणीची नोकरी लागली होती. खोली मिळाली देवगाव फाट्यावर आणि शाळा तिथून तीन मैल आत. एस.टी. तिकडं जात नव्हती. हेडमास्तरांनी विचारलं, "रोज येणार कशा, बाई?"

"सायकलवर. येते मला," मी म्हणाले.

खोटं नव्हतं हो. अर्धंच खरं होतं, एवढंच. परभणीत भावानं भाड्याची सायकल आणून मला शिकवलं होतं. ती सायकल ही उंच, माझे पाय हवेत लोंबायचे. तो धरायचा तेव्हा मी चढायचे आणि तो धरायचा तेव्हाच उतरायचे. मधलं चालवणं झकास जमलं. पण उतरायचं शिकवायच्या आतच त्याला पूर्णेला रेल्वेत नोकरी लागली आणि तो गेला निघून. माझ्या मनात मात्र पक्कं बसलं, की सायकल थांबली की आपण पडणार.

मग मी काय केलं? एक जुनी लेडीज सायकल घेतली आणि ओटे शोधले. खोलीच्या ओट्यावरून चढायचं, तीन मैल न थांबता हाणायची आणि शाळेच्या ओट्याला लागून पाय टेकायचा. दीड महिना कुणाला पत्ता लागला नाही. उलट गावात नाव झालं. बाई काय सायकल मारतात!

आणि एक दिवस तपासणीला साहेब आले.

मी वळणावरून पाहिलं तर ओटा भरलेला. मधल्या खुर्चीवर साहेब, एका बाजूला हेडमास्तर, दुसऱ्या बाजूला सरपंच. पाय ठेवायला वीतभर जागा नाही. माझी नोकरी अजून कच्ची होती, साहेबांच्या अहवालावर ती पक्की होणार होती. मी घामाघूम. पण थांबणार कशी?

"नमस्कार साहेब," म्हणाले आणि समोरून निघून गेले.

शाळेला वळसा घालून परत आले. साहेब म्हणाले, "बाई, थांबा."

"हो साहेब," मी म्हणाले आणि पुन्हा गेले.

तिसऱ्या फेरीला हेडमास्तर धोतर सावरत माझ्या बरोबरीनं पळायला लागले. "बाई, काय करायलात हे? साहेब बसलेत तिथं."

"सर, त्यांना उठवा. ओटा रिकामा करा."

आता सांगा, हे असं मोठ्यानं ओरडायचं असतं का? साहेबांनी शब्दन् शब्द ऐकला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरपंचांनी मात्र आपल्या परीनं अर्थ लावला. "बाईला खुर्ची ठिवली न्हाई, म्हणून राग आलाय. आणा रं एक खुर्ची."

चौथ्या फेरीला बघते तर ओट्यावर तीनच्या जागी चार खुर्च्या.

तोवर पोरं वर्गातून बाहेर आली होती. त्यांनी मोजायला सुरुवात केली. "पाच. सहा." साहेब हेडमास्तरांना विचारत होते, "या बाई कोणत्या संघटनेच्या? हा काय निषेधाचा प्रकार आहे?" माझे पाय भरून आले होते. डोळ्यांसमोर घरी परत जाणारी एस.टी. दिसायला लागली.

शाळेत पाणी भरणाऱ्या गयाबाई कोपऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरची घागर खाली ठेवली, मी जवळ येताच पुढं झाल्या आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. सायकल जागच्या जागी थांबली. मी त्यांच्या गळ्यातच पडले.

"उतर, माय. लय झालं," त्या म्हणाल्या.

एवढी शिकली-सवरलेली माणसं बघत बसली होती आणि हे एवढं कुणाला सुचलं नव्हतं.

साहेबांसमोर गेले. थाप मारावी असं वाटलं, पण एकही सुचेना. "साहेब, मला उतरता येत नाही," मी सांगून टाकलं.

"मग रोज काय करता?"

"ओट्यावर पाय ठेवते."

साहेबांनी स्वतःची खुर्ची स्वतः उचलली आणि वर्गात नेऊन ठेवली. "चला, पाठ घ्या," म्हणाले. जाताना शेरेबुकात लिहून गेले, 'बाई वेळेवर येतात.' ती ओळ मी चार वेळा वाचली. नोकरी वाचली होती. छातीवरचा धोंडा उतरला.

संध्याकाळी निघताना गयाबाई म्हणाल्या, "बस, मी मागून धरते."

मी ब्रेक घट्ट दाबून सीटवर बसले. "सोडू नका हं."

"न्हाई सोडत. आता खाली बघ."

पाहिलं तर माझे दोन्ही पाय जमिनीवर. चांगले तळव्यासकट टेकलेले. आणि गयाबाई दहा पावलांवर उभ्या राहून घागर उचलत होत्या.

माझी सायकल बुटकी होती हो! दीड महिना माझे पाय जमिनीपासून चार बोटांवर होते आणि मी ओटे शोधत हिंडत होते.

आणि त्या दिवशी साहेबांसमोर मी पाठ कोणता घेतला होता, माहीत आहे? 'लांबी आणि उंची मोजणे.' त्यालाही 'उत्तम' शेरा मिळाला होता.