वारस: कोणी नाही

देस्पिना गावच्या समाजसेवा क्लबात होती तोवर आमचा एकही अनुदानाचा अर्ज परत आला नाही. हे मी अध्यक्ष म्हणून पाच वर्षं छाती फुगवून सांगत आलो, जणू अर्ज मीच लिहीत होतो. मी दातांचा डॉक्टर. मला भाषण करता येतं आणि रिबन कापता येते. लिहायची ती.

नगरपालिकेच्या जमीन कचेरीत सव्वीस वर्षं काढून ती निवृत्त झालेली. अंगाने किरकोळ, आवाज खणखणीत. अर्ज लिहिण्याआधी ती थर्मासमध्ये चहा भरायची आणि ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्या दारोदार जायची. बागेत बाकं बसवायचं आम्ही ठरवलं, तेव्हा ही तीन दिवस म्हाताऱ्यांत बसून आली आणि म्हणाली, "बाकं बागेत नकोत, बसथांब्यावर हवीत. आणि पाठ टेकायला जागा हवी." आमची तोंडं वाकडी झाली, पण बाकं थांब्यावर गेली. आज त्यांवर जागा मिळत नाही.

क्लबात तिची चेष्टा चालायची. औषधवाला वास्को एकदा म्हणाला, "देस्पिना, दफनभूमीसाठी अनुदान मागायचं ठरलं, तर तू मेलेल्यांनासुद्धा विचारून येशील."

"येईन की," ती म्हणाली. "ते तुझ्यासारखे मध्ये मध्ये तोंड तरी घालणार नाहीत."

गावातले लोक पेन्शनचे, वारसाहक्काचे कागद घेऊन तिच्या स्वयंपाकघरात यायचे. तिच्या हातचा कागद म्हणजे खरा, त्याला दुसरा पुरावा नको, असं सगळे मानायचे. नवरा नाही, मूल नाही, घर दोन खोल्यांचं. एवढी पत हीच तिची कमाई होती. ती मी घालवली.

त्या वसंतात क्लबांच्या मोठ्या संस्थेने पाण्याच्या कामांना अनुदान जाहीर केलं. माझ्या डोक्यात लगेच राकोवेत्स खेड्याची पाणपोई आली. घाटरस्त्यावरची, दगडी, कुंडी फुटलेली, तोटीला शेवाळ धरलेलं. आमच्याकडे अशा पाणपोया कोणीतरी आपल्या मेलेल्या माणसासाठी बांधतं. पाणी प्यायलेला माणूस तोंड पुसतो आणि म्हणतो, "देव त्याला क्षमा करो." ते पुण्य नाव कोरलेल्याच्या खात्यावर. या पाणपोईच्या शिळेवर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं साल होतं आणि कोरलं होतं: गेन्चो, वय एकोणीस.

अर्जातला अकरावा प्रश्न असा, की बांधकाम कोणाचं, वारस कोण, त्यांची लेखी संमती आहे का. देस्पिना बुधवारी माझ्या दवाखान्यात आली.

"डॉक्टर, मी उद्या राकोवेत्सला जाऊन येते. हा गेन्चो कोणाचा ते बघते."

"तिथे उरलीत सात माणसं, तीही बहिरी. परवा मुदत संपतेय. वारस कोणी नाही, असं लिही."

"माहीत नाही, असं लिहिते."

"म्हणजे अर्ज गेला कचऱ्यात. अगं, पंचेचाळीस वर्षं झाली. कोण येतंय विचारायला? लिही तू, मी आहे ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आहात ना?"

"आहे."

तिने लिहिलं. उभ्या आयुष्यात न पाहता लिहिलेली तिची ती पहिली ओळ असावी.

अनुदान मिळालं. पुढच्या मे महिन्यात काम सुरू झालं. संस्थेचा नियम असा, की मदत करणाऱ्यांच्या नावांची पाटी दर्शनी बाजूला हवी, आणि तिच्यासकट फोटो हवा. एका दुपारी गवंडी अस्पारुहचा फोन आला. "डॉक्टर, पाटी मावेल अशी सपाट जागा एकच आहे, जुनी शिळा आहे तिथे. काय करू?"

समोर रोगी आ वासून बसलेला. "काढ ती," मी म्हणालो आणि फोन ठेवला. देस्पिनाला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

उद्घाटन जूनमधल्या शनिवारी ठरलं, कारण संस्थेचे विभागप्रमुख कारास्तोयानोव्ह त्याच दिवशी मोकळे होते. देस्पिना म्हणाली, "तो मृतांचा शनिवार आहे. बायका चेरी आणि उकडलेले गहू घेऊन आपापल्या माणसांकडे जातात. दुसरा दिवस बघा."

"बरंच की," मी म्हणालो. "जाता-येता पाणी प्यायला थांबतील. गर्दी दिसेल."

रिबन कापून झाली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. तेवढ्यात वरच्या वळणावर बस थांबली आणि काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी टोपली सावरत उतरली. ती सरळ पाणपोईपाशी आली, नव्या पायरीवर चढली आणि पाटीवरून हात फिरवू लागली. सगळी पाटी चाचपून झाल्यावर ती शेजारी उभ्या असलेल्या देस्पिनाकडे वळली.

"मुली, मी चुकीच्या ठिकाणी उतरले का गं? माझ्या पोराची पाणपोई इथेच होती."

"कोण पोरगा, आजी?"

"माझा गेन्चो. मी यांका, त्याची आई. आता लेकीकडे असते मी, डोंगरापलीकडे. पण या शनिवारी येतेच दरवर्षी."

अस्पारुहने डोक्यावरची टोपी काढली. "आजी, ती शिळा काढताना फुटली. भर म्हणून पायरीत घातली मी."

यांका आजीने खाली पाहिलं. मग देस्पिनाचा दंड धरून आधी एक पाय आणि मग दुसरा, असे तिने पायरीवरून खाली घेतले. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हळूच पाय काढावेत, तशी उतरली ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारास्तोयानोव्हांनी हलक्या आवाजात विचारलं, "अर्जात तर वारस कोणी नाही असं होतं. कोणी लिहिलं?"

अस्पारुहने माझ्याकडे पाहिलं. देस्पिनानेही पाहिलं. "मी सांगितलं," एवढे दोनच शब्द हवे होते. मी कापलेली रिबन बोटाला गुंडाळत बसलो.

"मी लिहिलं," देस्पिना म्हणाली. "चौकशी न करता लिहिलं."

आजीने टोपली उघडली आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांना चेरी वाटल्या, रडत रडत. माझ्याही ओंजळीत घातल्या. मी खाल्ल्या. "देव त्याला क्षमा करो," असंही म्हणालो. त्याला! त्या एकोणीस वर्षांच्या पोराला कसली क्षमा हवी होती?

काम झाल्यावर तीस दिवसांत अहवाल द्यावा लागतो. त्या तीस दिवसांत देस्पिनाने अस्पारुहकडून पायरी खोदून घेतली, शिळेचे तुकडे क्लबाच्या नावाने आजीकडे पोचवले, नवी शिळा कोरून जुन्या जागी बसवली आणि आमची पाटी बाजूला खांबावर लावली. मग अहवाल घेऊन दवाखान्यात आली. त्यात होतं: अकराव्या प्रश्नाचं उत्तर खोटं होतं, ते अर्ज लिहिणारीने चौकशी न करता दिलं. त्याखाली तिचं नाव. त्याखाली चार ओळींची कोरी जागा, आणि मग अध्यक्षांची सही.

"नीट वाचा, डॉक्टर," ती म्हणाली. "काही घालायचं असेल तर जागा ठेवलीय."

मी दोनदा वाचलं. मग सही केली. मोठी केली, ती चारही ओळींची जागा भरेल एवढी.

"बरं," ती म्हणाली. कागद पिशवीत घातला. राजीनामा तिने टपालाने पाठवला.

संस्थेचं उत्तर आलं. अध्यक्षांनी चूक न लपवता कळवली याबद्दल त्यांनी माझं कौतुक केलं होतं. वास्कोने ते सभेत वाचलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून मान लववली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोराला हारही घातला.

आता देस्पिनाच्या स्वयंपाकघरात कोणी कागद घेऊन जात नाही. "ती न बघता लिहिते म्हणे," असं माझेच रोगी चुळा भरता भरता मला सांगतात. मी ऐकून घेतो. ती मला रस्त्यात भेटते तेव्हा आधी तीच नमस्कार करते. निदान तोंड तरी फिरवायचं!

नोव्हेंबरात यांका आजीला तिची लेक कवळीसाठी माझ्याकडे घेऊन आली. लेक बाहेर बसली. आजीने खुर्चीत बसताच माझा हात धरला.

"डॉक्टर, तुम्ही माझ्या पोराचं नाव परत बसवलंत, सगळे सांगतात. देव तुमचं भलं करो. त्या लिहिणाऱ्या बाईला मात्र देवाची भीती नाही. मी जिवंत असताना मला पुसून टाकलं हो तिनं. तुमच्यासारख्या सज्जनाच्या पदरी अशी बाई कशी काय आली?"

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. आजी उत्तराची वाट बघत होती, खरोखर विचारत होती. मी दिवा तिच्या चेहऱ्यावर ओढला.

"आजी," मी म्हणालो, "तोंड उघडा."