उद्याची बाजू

ज्योतीराम भिंगारे धाराशिवकडून पिंपरीत आला आणि चाकणच्या एका कंपनीत रात्रपाळीला लागला. दहा वर्षं कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रोज संध्याकाळी नाक्यावर मोटारसायकल लावायची आणि कंपनीच्या बसमध्ये चढायचं. अलीकडे त्या रस्त्यावर नियम आला: सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला. ज्योतीराम पाटी वाचूनच गाडी लावी. पण रात्री तारीख बदलली, की जागच्या जागी तीच गाडी गुन्हेगार ठरे आणि सकाळी मोबाइलवर दंड येई.

शेवटी दिवसाची झोप मोडून तो वाहतूक शाखेत गेला.

"साहेब, बारा वाजता मी मशीनवर असतो. गाडी कोण हलवणार?"

खिडकीतला साहेब मान वर न करता म्हणाला, "मग आधीच उद्याच्या बाजूला लावत जा."

ज्योतीरामला ते पटलं. सरकारी माणूस उगाच कशाला सांगेल? त्या संध्याकाळी त्याने गाडी उद्याच्या बाजूला लावली. बस मोशीला पोचायच्या आत दंड आला.

तो परत त्याच खिडकीपाशी गेला. "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं."

"मी? लेखी आहे का काही?" साहेबाने स्क्रीनवर बोट फिरवलं. "आधीचाही दंड भरला नाही तुम्ही. मुदत संपली. आता कोर्टात हजर राहा."

ज्योतीरामने शांतपणे विचारलं, "त्या दिवशी गाडी कुठल्या बाजूला लावू?"

साहेबाने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "रिक्षाने या."